सोयाबीन तेल की जवसाचं? आधी कोंड्यातलं तेल मोजा

साकोलीकडच्या एका भावाने विचारलं आहे, थोडक्यात असं: "अर्ध्या एकराचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे आणि गावची एक जुनी बोडी (लहान तलाव) ठेक्याने घेतली आहे. दोन्हींत रोहू, कटला, मृगळ. खाद्य घरचंच, निम्मा तांदळाचा कोंडा आणि निम्मी शेंगदाण्याची ढेप. वाढ लवकर व्हावी म्हणून त्यात दोन टक्के सोयाबीन तेल सुरू केलं. आता मासा कापला की पोटात पांढरी चरबी निघते, गिऱ्हाईक कुरकुर करतं. एक जण म्हणतो सोयाबीन बंद कर, जवसाचं तेल टाक. घरी लाकडी घाणा आहे, उतेऱ्याचा (उभ्या धानात पेरलेला) जवसही आहे. जवसाने माशात ओमेगा-३ येतं आणि तसं सांगून भाव जास्त मिळतो म्हणतात. खरं काय?"

भाऊ, तुम्ही विचारताय की तेल कोणतं टाकू. मी आधी विचारीन की तुमच्या खाद्यात आधीच किती तेल आहे आणि ते कशाचं आहे. भंडारा-गोंदियाकडे वीसेक वर्षं मासोळीचं खाद्य बनवतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही डब्यातून ओतलं तेवढंच तेल धरत होतो. कोंड्यात आणि ढेपेत दडलेलं तेल हिशेबात धरलंच नाही. तुमच्या माशाच्या पोटातली चरबी मुख्यतः त्या न धरलेल्या तेलाची आहे.

हिशेब करून पाहू. शंभर किलो खाद्य घ्या. पन्नास किलो कोंडा, तेल न काढलेला. त्यात साधारण १५ टक्के तेल असतं, म्हणजे साडेसात किलो. पन्नास किलो घाण्याची ढेप, तिच्यात ७-८ टक्के तेल राहतं, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. डबा उघडायच्या आधीच सव्वाअकरा किलो तेल झालं. वरून तुम्ही दोन किलो ओतलं, सव्वातेरा. रोहू-कटल्याला खाद्यात ७-८ टक्के चरबी पुरेशी होते. त्यावर गेलेलं तेल वाढीला लागत नाही, आतड्याभोवती आणि काळजात (यकृतात) जाऊन बसतं. शिवाय कोंड्यातला स्टार्च आहे. गरजेपेक्षा जास्त स्टार्च आला की माशाचं शरीर त्याचीही चरबी करतं. आमच्याकडचा एक म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमार, मासा कापून सुरी बघायचा आणि म्हणायचा, "कोंड्यावरची हाये." सुरीला चिकट ओशटपणा राहिला की त्याला कळायचं. मला तेच कळायला तराजू आणि कागद लागला.

आता हे तेल कशाचं आहे ते बघा, कारण जवसाचं उत्तर तिथंच आहे. माशाला दोन चरबीची आम्लं बाहेरूनच मिळावी लागतात, त्याच्या शरीरात ती बनत नाहीत. एक लिनोलिक, ते ओमेगा-६ घराण्याचं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, ते ओमेगा-३ घराण्याचं. ही दोन्ही बनवायची कला वनस्पतीकडे आहे, माशाकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. सायप्रिनसवर (कॉमन कार्प माशावर) १९७०च्या दशकात जपानमध्ये झालेल्या प्रयोगांतून एक ठोकताळा निघाला: खाद्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का लिनोलिक आणि सुमारे एक टक्का अल्फा-लिनोलेनिक. रोहू-कटला त्याच कुळातले, म्हणून मी त्यांनाही तोच ठोकताळा लावतो.

तुमच्या मिश्रणात काय आहे? कोंड्याच्या तेलात साधारण एक तृतीयांश लिनोलिक असतं आणि अल्फा-लिनोलेनिक जेमतेम टक्का-दीड टक्का. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलिक तीस टक्क्यांच्या आसपास, अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नाहीच. गणित केलं तर शंभर किलो खाद्यात लिनोलिक साडेतीन किलोच्या वर आणि अल्फा-लिनोलेनिक फक्त शंभर ग्रॅमच्या आसपास. एक गरजेच्या साडेतीन पट, दुसरं गरजेच्या दहाव्या हिश्शाएवढं. त्यावर दोन किलो सोयाबीन तेल ओतलं. त्यात निम्म्याहून थोडं जास्त लिनोलिक आणि सातेक टक्के अल्फा-लिनोलेनिक असतं. म्हणजे जिथं ढीग होता तिथंच आणखी किलोभर टाकलं. तुमचा मित्र बरोबर बोलतोय, पण अर्धंच. जवसाच्या तेलात पन्नास टक्क्यांहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं, दोन किलोत किलोभर येतं. गरज कागदावर भागली. पण साडेतीन किलोचा ढीग तसाच राहिला, तर त्या जवसाचा पूर्ण फायदा होत नाही. का होत नाही हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर तुम्ही जवसावर पैसे घालवाल आणि मग जवसाला शिव्या द्याल.

तुमच्या घरी घाणा आहे, त्याचंच उदाहरण घेतो. गावात घाणा एकच आहे आणि दोन गिऱ्हाइकं आली. एकाकडे जवसाचं एक पोतं, दुसऱ्याकडे शेंगदाण्याची पस्तीस पोती. घाणेवाल्याला जवस आवडतो, तो आधी घ्यायला बघतो. पण पस्तीस पोती दारात उभी असल्यावर त्याचा दिवस कशात जाणार? माशाच्या काळजात नेमकं हेच घडतं. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन्ही अठरा कार्बनची आम्लं. माशाला कामाची असतात त्यांच्यापासून बनणारी लांब आम्लं: एका बाजूला अॅरॅकिडोनिक, दुसऱ्या बाजूला ईपीए आणि डीएचए. आपण बाजारात 'मासोळीचं ओमेगा-३' म्हणतो ते ईपीए-डीएचएच. अठरापासून तिथपर्यंत जायला आधी एक दुहेरी बंध घालावा लागतो, मग दोन कार्बन जोडावे लागतात, मग पुन्हा एक दुहेरी बंध. पहिला बंध घालणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव डेल्टा-६ डीसॅच्युरेज. हाच तो घाणा. दोन्ही घराण्यांसाठी तो एकच आहे. त्याची ओढ ओमेगा-३ कडे जास्त असते, तरी समोर लिनोलिकचाच डोंगर असेल तर तो त्यातच गुंततो.

डीएचएचा रस्ता आणखी लांबचा. ईपीए झाल्यावर साखळी चोवीस कार्बनपर्यंत वाढवतात, मग पुन्हा डेल्टा-६ चाच बंध, आणि मग पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या भागात जाऊन दोन कार्बन छाटून बावीसवर आणतात. म्हणजे एकाच घाण्यावर त्याला दोनदा नंबर लावावा लागतो. एवढ्या फेऱ्यांत बरंचसं आम्ल वाटेतच राहतं. झेब्राफिश म्हणजे आपल्याच देशातल्या ओढ्यांत आणि धानाच्या शेतात राहणारा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा, आणि तोही रोहूच्याच कुळातला. २००१ मध्ये त्याच्यात असं दिसलं की डेल्टा-६ आणि डेल्टा-५ ही दोन्ही कामं एकच विकर करतं. गोड्या पाण्यातल्या या कुळाकडे घाणा चालू स्थितीत आहे हे त्यावरून नक्की झालं. समुद्रातल्या बऱ्याच शिकारी माशांकडे तो मोडका असतो. त्यांना खाण्यातच तयार ईपीए-डीएचए मिळत आलं, मग घाणा चालू ठेवायची गरजच पडली नाही. म्हणून कोकणात जिताडा पाळणाऱ्याला माशाचं तेल सोडून चालत नाही आणि आपल्याला चालतं. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे फिशऑइल मागवणारे लोक मी पाहिले आहेत. रोहूला त्यातून मिळतं कमी, वाया जातं जास्त. उलट खाद्यात तयार ईपीए-डीएचए आलं की माशाचा स्वतःचा घाणाच मंदावतो, आणि वनस्पतीच्या तेलावर ठेवलं की तो जोराने चालायला लागतो. पण जोराने चालला म्हणजे माल तेवढाच निघतो असं समजू नका.

हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर घडलं ते सॅमनमध्ये. नॉर्वेत १९९० मध्ये सॅमनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून आलेले असत, २०१३ पर्यंत ते सुमारे ३० टक्क्यांवर आले. बाकी जागा सोया, कॅनोला तेल वगैरेंनी घेतली. मासा वाढला, मेला नाही, धंदा फुगला. पण स्कॉटलंडच्या पाळीव सॅमनच्या मांसातलं ईपीए-डीएचए २००६ ते २०१५ या काळात जवळपास निम्म्यावर आलं. वनस्पतीच्या तेलाने मासा उपाशी राहत नाही. त्याच्या मांसाचा ठसा मात्र बदलतो.

आता जवसातून आलेल्या अल्फा-लिनोलेनिकचं पुढे काय होतं? सगळं घाण्यावर जात नाही. मोठा वाटा सरळ जळतो, पोहायला आणि जगायला इंधन म्हणून. काही तसंच, न बदलता, चरबीत साठतं. उरलेलं लांब आम्लांकडे जातं. माशाचं शरीर कंजूष गृहिणीसारखं वागतं. पामिटिक, ओलिक, जास्तीचं लिनोलिक ही आधी जाळतं. डीएचए मात्र डोळा, मेंदू, पेशींची आवरणं यांसाठी जपून ठेवतं. म्हणून खाद्यात डीएचए अजिबात नसलं तरी रोहूच्या मांसात ते थोडं सापडतंच.

काही वर्षांपूर्वी मी शेजारशेजारच्या दोन शेततळ्यांत एकाला सोयाबीन तेल, दुसऱ्याला जवसाचं तेल असं करून पाहिलं. बाकी खाद्य एकच. हंगामाअखेर वजनात सांगण्यासारखा फरक नव्हता आणि मी हिरमुसलो. मग मांसाचे नमुने प्रयोगशाळेत दिले. जवसाच्या तळ्यातल्या माशांत अल्फा-लिनोलेनिक चांगलं वाढलेलं होतं, ईपीए थोडं, आणि डीएचए जवळजवळ जागचं हललं नव्हतं. तेव्हा मी खाद्यात कोंडा तेलासकटच वापरत होतो, म्हणजे दारात पस्तीस पोती तशीच उभी होती.

म्हणून 'ओमेगा-३ मासा' असं लिहून विकायच्या फंदात पडू नका. मांस तपासून घेतल्याशिवाय असा दावा करणं अन्न सुरक्षेच्या नियमांत अडकवणारं आहे. ते सोडलं तरी रोहू मुळात कमी चरबीचा मासा. शंभर ग्रॅम मांसात दोनेक ग्रॅम चरबी असली, तर तिच्यातला दहावा हिस्सा ओमेगा-३ धरूनही दोनशे मिलिग्रॅम होतं, आणि त्यातही ईपीए-डीएचए किती आणि साधं अल्फा-लिनोलेनिक किती हा प्रश्न उरतोच. जवसाची चटणी खाणाऱ्या गिऱ्हाइकाला अल्फा-लिनोलेनिक माशातून विकायचं म्हणजे गंमतच आहे. 'पोटात चरबी नाही, ताजी मासोळी' एवढं खरं ठरवलंत तरी गुजरीत तुमचा भाव टिकेल.

इथपर्यंतचं सार: तुमच्या खाद्यात चरबी जास्त आहे, लिनोलिक फार जास्त आहे, अल्फा-लिनोलेनिक फार कमी आहे. सोयाबीन तेलाने तिन्ही गोष्टी बिघडतात किंवा तशाच राहतात. जवसाने फक्त तिसरी सुधारते, पहिल्या दोन आपल्याला हाताने सुधाराव्या लागतील.

पण नुस्खा सांगायच्या आधी तुमच्या दोन पाण्यांतला फरक बघू, कारण दोन्हींना एकच खाद्य देणं हीच दुसरी चूक आहे. बोडी जुनी, मातीच्या तळाची. तिच्यात शेण-खत पडतं, पाणी हिरवट-तपकिरी असतं. तिथल्या माशाचं अर्धं जेवण तुम्ही टाकतच नाही, ते पाण्यातच तयार होतं. हिरव्या सूक्ष्म शेवाळात अल्फा-लिनोलेनिक भरपूर असतं. डायटम नावाच्या तपकिरी शेवाळात ईपीए असतं. ते खाणाऱ्या कोपेपॉडसारख्या प्राणिप्लवकात (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) डीएचएही असतं, आणि कटला तेच गाळून खातो. म्हणजे बोडीत ओमेगा-३ पाण्यातून येतंय, तेही फुकट. तिथं जवसाच्या तेलाची गरज मला फारशी वाटत नाही. फक्त कोंड्याचं तेल कमी करा. मात्र पाण्यावर निळसर-हिरवी जाड साय येत असेल तर हा हिशेब लागू नाही. ती निळी-हिरवी शेवाळं माशाला ईपीए-डीएचए देत नाहीत आणि रोहू-कटल्याला नीट पचतही नाहीत.

प्लास्टिकच्या शेततळ्याची गोष्ट वेगळी. तळाशी माती नाही, खत टिकत नाही, पाणी बरेचदा काचेसारखं स्वच्छ. लोकांना ते छान वाटतं, मला नाही. कोपरापर्यंत हात बुडवा. तळहात दिसेनासा झाला तर प्लवक बरं आहे. बोटं मोजता आली तर मासा पूर्णपणे तुमच्या खाद्यावर आहे, आणि मग खाद्यात जे नाही ते त्याला कुठूनच मिळत नाही. जवसाचं तेल घालायचं तर इथं.

गवत्या (ग्रास कार्प) असेल तर त्याला तेल विसरा. हिरव्या पानातल्या चरबीत निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिकच असतं. नेपियर, बरसीम, अझोला टाकलं की त्याचा प्रश्न सुटतो. तुम्ही गवत्या सोडलेला नाही, पण पुढच्या वर्षी शेकडा दहा-पंधरा टाकून बघा. मरळ आणि तिलापियाला मात्र हे उत्तर लावू नका. मरळ शिकारी, त्याचं खाद्यच वेगळं, आणि तिलापियाला गरज मुख्यतः लिनोलिकची.

आता शेततळ्याचं मिश्रण. सोयाबीन तेल बंद. कोंडा पन्नास किलोच ठेवा, पण त्यातला निम्मा तेल काढलेला घ्या, गोंदियाकडे डीओआरबी म्हणून मिळतो. ढेप पन्नासऐवजी पंचवीस किलो, आणि उरलेल्या पंचवीस किलोत सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली ढेप. प्रथिनं कमी होत नाहीत, उलट थोडी वाढतात, आणि शेंगदाण्याच्या ढेपेतल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची धास्तीही निम्मी होते. आता आतलं तेल सहा किलोच्या आसपास आलं, लिनोलिक दोन किलोवर. त्यात दीड किलो जवसाचं तेल घाला. एकूण चरबी साडेसात-पावणेआठ टक्के, अल्फा-लिनोलेनिक पाऊण किलोच्या वर. पस्तीसास एक होतं ते आता तिनास एकच्या आत आलं. पाण्यात थोडंही प्लवक असेल तर उरलेलं तिथून भरून निघेल, म्हणून पूर्ण एक टक्क्याचा हट्ट मी धरत नाही.

तेल विकत घेणं जड वाटत असेल, किंवा घाण्यावरून चटणीसाठी आणि विकायला तेल जात असेल, तर जवसाची ढेप वापरा. घाण्याच्या ढेपेत नऊ-दहा टक्के तेल राहतं, निम्मं अल्फा-लिनोलेनिक. शेंगदाण्याच्या ढेपेतली दहा किलो काढून तिच्या जागी ही दहा किलो घातली तर साडेचारशे-पाचशे ग्रॅम तिथूनच येतं. मी दहा टक्क्यांवर जात नाही आणि कच्ची वापरत नाही. जवसाच्या ढेपेत सायनाइड सोडणारा घटक असतो आणि बी-६ जीवनसत्त्वाच्या आड येणारा पदार्थही. पाणी घालून चांगली उकळून, झाकण न ठेवता, मगच मिसळा. बुळबुळीत होते, पण ते बरंच आहे, गोळा पाण्यात लवकर सुटत नाही.

सरकीच्या ढेपेबद्दल कोणी सुचवेलच, कारण पश्चिमेकडे यवतमाळ-अकोल्यात ती स्वस्त पडते. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. तिच्यातल्या तेलात आणखी एक भानगड आहे, सायक्लोप्रोपीन वर्गातली आम्लं. ती डेल्टा-९ नावाच्या दुसऱ्या एका विकराला अडवतात. थंडीत पेशींची आवरणं मऊ ठेवायला माशाला हेच विकर लागतं. पाणी गार झालं की सायप्रिनसचं काळीज हे विकर जास्त बनवतं, नाहीतर आवरणं गोठलेल्या तुपासारखी घट्ट होतील. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशा वेळी सरकीवर ठेवलेला मासा मला नको. आणि १९६०च्या सुमारास अमेरिकेत ट्राउटच्या हॅचऱ्यांमध्ये काळजाच्या कॅन्सरची साथ आली, ती शेवटी बुरशी लागलेल्या सरकीच्या ढेपेतल्या अफ्लाटॉक्सिनपर्यंत जाऊन पोचली. पुढे कळलं की हीच सायक्लोप्रोपीन आम्लं त्या विषाला साथ देतात. गाय-म्हशीला खुशाल घाला, मासोळीला नको.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, कारण इथं मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. जवसाचं तेल हवेत टिकत नाही. सुतार ते लाकडाला का लावतो? हवा लागली की त्याचा पापुद्रा धरतो म्हणून. जो गुण लाकडावर चांगला तोच खाद्यात वाईट. एका मे महिन्यात मी जवसाचं तेल लावलेलं खाद्य एकदम जास्त करून ठेवलं आणि टिनाच्या शेडात महिनाभर पडू दिलं. बाहेर पंचेचाळीस, आत किती ते मोजलं नाही. खाद्याला रंगासारखा वास येत होता, मी दुर्लक्ष केलं. मासे आधी खाद्यावर यायचे कमी झाले, मग पाठी बसायला लागल्या, डोकं मोठं आणि अंग बारीक. नंतर वाचलं की जपानमध्ये रेशमाच्या कोशातल्या अळ्या घातलेल्या सायप्रिनसला हाच रोग झाला होता. तिथं त्याला सेकोके म्हणतात. अळ्यांतलं तेल खवट झालेलं, शरीरातलं ई जीवनसत्त्व त्याने खाऊन टाकलेलं, स्नायू झिजलेले. ई जीवनसत्त्व दिलं की रोग टळतो. आपल्याकडे आरमोरीकडे टसरच्या कोशांतल्या अळ्या मासोळीला घालायचा विचार कुणी करत असेल तर त्यानेही हे लक्षात ठेवावं.

तेव्हापासून माझा नियम असा: तेल खाद्यात आधी मिसळायचं नाही. घाण्यावरून आणलेलं तेल गडद रंगाच्या बाटलीत, काठोकाठ भरून, सावलीत. दोन-तीन दिवसांचं खाद्य घ्यायचं आणि त्यावर तेवढ्यापुरतंच तेल शिंपडून हाताने चोळायचं. किलोला शंभर मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व हे सायप्रिनससाठीचं किमान प्रमाण, जवस असेल तर मी थोडं जास्तच घालतो. आणि उन्हाळ्यात, पाणी तापलेलं आणि पहाटे मासे वर तोंड काढत असतील त्या दिवसांत, खाद्यच कमी करा. तेलाचा विचार तेव्हा नको.

कोंड्याची हीच गोष्ट आहे, फक्त ती लोकांना दिसत नाही. अरव्या (न उकडलेल्या) तांदळाचा कोंडा गिरणीतून बाहेर पडला की त्यातलं लायपेज विकर तेलाचे तुकडे करायला लागतं. आठ-पंधरा दिवसांत कडवट होतो. एकतर ताजा आणून आठवड्यात संपवा, नाहीतर मोठ्या कढईत भाजून ठेवा. उसन्या (उकड्या) तांदळाच्या कोंड्यात वाफेने ते विकर आधीच मेलेलं असतं, तो टिकतो. पण त्यात तेल जास्त असतं, वीस टक्क्यांच्याही वर जातं, मग माझं वरचं गणित तुम्हाला पुन्हा मांडावं लागेल.

किती दिवसांत फरक दिसेल? नवं खाद्य सुरू केलं म्हणून जुनी चरबी धुऊन निघत नाही. ती नव्यात मिसळून पातळ होत जाते, बोडीतल्या गढूळ पाण्यात पहिल्या पावसाचं पाणी मिसळावं तशी. माशाच्या अंगातली चरबी दुप्पट झाली की जुना ठसा निम्मा उरतो, चौपट झाली की पाव. म्हणून अर्ध्या किलोचे मासे आत्ता बदलायला गेलात तर विक्रीपर्यंत अर्धवटच बदलतील. पोटातली चरबी मात्र त्याआधी कमी होताना दिसेल, कारण ती जास्तीच्या तेलाची होती आणि तो पुरवठा थांबला. दीड महिन्याने प्रत्येक पाण्यातले पाच-पाच मासे काढा, आतड्याभोवतीची चरबी सोडवून वजन करा आणि माशाच्या वजनाशी तुलना करून वहीत लिहा. आज बदलायच्या आधीही एकदा हेच करा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. कोंडा अरव्याचा आणता की उसन्याचा, आणि गिरणीतून आणल्यावर किती दिवस पडून असतो? पोत्यात हात घालून मूठभर तोंडात टाकून बघा. कडू लागला तर जवसाचं नंतर बोलू, आधी ते पोतं रिकामं करा.